दुसरा पोपट आणू नका

दर उत्तरायणाला सुरतेहून ताईचा फोन येतो. ‘तिळगूळ घे, गोड बोल’ एवढंच बोलणं, बाकी सगळा पाठीमागचा गोंगाट. गच्चीवरचे भोंगे, थाळ्या, आणि मधूनच ‘काय पो छे!’ ची आरोळी. २०२४ साली फोन आला तो वासी उत्तरायणाला, म्हणजे १५ जानेवारीला, रात्री नऊच्या पुढे. पाठीमागे काहीच आवाज नव्हता.

‘‘राणी गेली रे,’’ ती म्हणाली.

राणी म्हणजे कोण हे आठवायला मला क्षणभर लागला. आठवल्यावर मी जे बोललो ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे आणि त्यांत पहिलं नाव माझंच यायला हवं. मी म्हणालो, ‘‘अगं, पोपटच ना. मला वाटलं, काय झालं!’’

ताई माझी मावसबहीण. डिचोलीची. लग्न होऊन सुरतेला गेली त्याला पस्तीस वर्षं झाली. भाऊजी मूळचे खानदेशातले, आयुष्य जरीच्या धंद्यात गेलं. (सुरतेची जरी येवल्याला जाते आणि पैठणीच्या काठावर तिचे राघू नि मुनिया होतात. विणलेले पोपट सांभाळायला आपल्याला फार आवडतात. त्यांना दाणा लागत नाही, दुःखही होत नाही.) दोन्ही मुलं शिकून बाहेर गेली तेव्हा घर खायला उठू लागलं, म्हणून २०१२ मध्ये भाऊजींनी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून दोन पिल्लं आणली. आपले साधे हिरवे पोपट, ज्यांना आपण गोव्यात कीर म्हणतो तेच. एकाचं नाव मिठू, दुसरीचं राणी. तिसऱ्या वर्षी ‘राणी’च्या गळ्याला गुलाबी-काळी कंठी फुटली. या जातीत कंठी नराला येते, मादीला नाही. म्हणजे राणी हा नर आणि मिठू ही मादी! पण तोवर नावं रुळली होती, आणि बारा वर्षं ते घर राणीला ‘ती’ आणि मिठूला ‘तो’ म्हणत राहिलं. मीही तसंच म्हणणार आहे.

राणी कशाने गेली ते कुणालाच कळलं नाही. सणाच्या दोन दिवसांत सगळे गच्चीवर होते. ती पिसं फुलवून बसली होती हे ताईच्या लक्षात आलं होतं, पण थंडी असेल असं वाटलं. पक्षी आजार लपवतो. जंगलात जो अशक्त दिसतो तो ससाण्याच्या तावडीत सापडतो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करणं हे त्याच्या रक्तात आहे. आपल्याला तो आजारी दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. संध्याकाळी ताई खाली आली तर राणी पिंजऱ्याच्या तळाशी आणि मिठू तिच्या डोक्याची पिसं विंचरत बसलेला.

आणि आता त्या दिवसाची मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. त्याच दोन दिवसांत सुरतेत, सुरतेतच कशाला, सबंध गुजरातेत, मांज्याने कापल्या गेलेल्या पक्ष्यांसाठी ‘करुणा अभियान’ चालू होतं. २०१७ पासून दर जानेवारीला चालतं. १९६२ हा नंबर फिरवला की जनावरांची रुग्णवाहिका येते. कबुतराचा पंख शिवायला डॉक्टर, स्वयंसेवक, वनखातं सगळे जागे असतात. फार चांगली गोष्ट आहे, मी तिची टवाळी करत नाही. पण ताईने तो नंबर फिरवला नाही. फिरवणारही नव्हती. कारण तिच्या घरातला पक्षी कायद्याने तिच्या घरात असायलाच नको होता. आभाळातल्या कबुतरासाठी शहर जागं आणि दिवाणखान्यातला पोपट कागदावर अस्तित्वातच नाही! जे अस्तित्वातच नाही ते मेलं तर रडायचं तरी कशाला?

यानंतरच्या आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडला.

भाऊजी म्हणाले, ‘‘दोन दिवस थांब, दुसरा आणतो.’’ पुण्याच्या मुलाने ऑनलाइन आरसा मागवून पाठवला, म्हणजे मिठूला वाटेल की समोर राणी आहे. शेजारच्या बेन म्हणाल्या, ‘‘आता यालाही सोडून द्या, पुण्य लागेल.’’ जवळच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवरच निकाल दिला, ‘‘पक्ष्याला कसलं दुःख? भूक लागली की खाईल.’’ आणि माझा सल्ला तर तुम्ही वाचलाच.

मिठूने तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही. मग थोडं खाऊ लागला, पण छातीची पिसं उपटायला लागला.

फेब्रुवारीत मी मडगावहून गाडी पकडून सुरतेला गेलो. खरं तर गेलो होतो दुसऱ्याच कामाला. पण चार दिवस त्या घरात राहिलो आणि जे पाहिलं त्याने माझी बोलतीच बंद झाली. पिंजरा पॅसेजमध्ये ढकलला होता, ‘त्याला शांतता मिळावी’ म्हणून. आत तो आरसा. मिठूच्या छातीवर तळहाताच्या निम्म्याएवढा गुलाबी उघडा पट्टा. दिवसभर गप्प. आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, बाहेर झाडांवर रानपोपटांचे थवे उतरायची वेळ झाली की एकच आवाज, तुटक, पुन्हा पुन्हा. थोडं थांबायचा, मान तिरकी करून ऐकायचा, पुन्हा हाक मारायचा. तास-दीड तास. मग अंधार पडला की बंद.

ही हाक म्हणजे काय ते आपल्याला माहीत असायला हवं. आपण शेतकरी लोक. वायंगणाचं भात पिकलं की कीर कसे उतरतात ते ज्याने पाहिलंय त्याला मी काय सांगावं? एकही कीर गप्प नसतो. ‘मी इथे आहे, तू कुठे?’ हे त्यांचं सतत चाललेलं असतं. थवा म्हणजे हे हाका-ओ देणं. दृष्टीआड झालेल्याला हाक मारायची, त्याने ओ द्यायची; ओ आली नाही की काहीतरी भयंकर घडलंय असं समजायचं. व्हेनेझुएलातल्या रानात चिमुकल्या हिरव्या पोपटांवर झालेलं संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात असं दिसलं की आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक देतात आणि पिल्लू थोड्याफार फरकाने तीच आपली म्हणून वापरतं. आपण याला काय म्हणतो? बारसं म्हणतो!

आणि आपल्या भाषेत ‘पोपटपंची’ म्हणजे अर्थ न कळता बडबडणं. कुणाची फजिती झाली तर ‘पोपट झाला’. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं तेव्हा सगळ्या देशाला तो विनोद लगेच कळला; पिंजऱ्यातला खरा पोपट मात्र कुणाला आठवला नाही. ज्या संस्कृतीत शुकसप्ततीतला पोपट सत्तर रात्री गोष्टी सांगून घर सावरतो, बाणभट्टाच्या कादंबरीची कथाच मुळी पोपटाच्या तोंडून येते, (आणि ती सुरू होते कुठून? शबराने घरट्यातला त्याचा म्हातारा बाप मारला तिथून!) त्या संस्कृतीचे वारसदार आपण. ग्रंथातल्या पोपटाला शोक करायची परवानगी आहे. पॅसेजमधल्याला नाही.

‘पक्ष्याला कसलं दुःख’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी एक जुनी गोष्ट सांगू इच्छितो. त्यांच्याच गुजरातेतली आहे.

पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी फेब्रुवारी १६२३ मध्ये सुरतेला उतरला. तिथून तो खंबायतला गेला. (पुढे त्याच वर्षी तो आपल्या गोव्यातही आला आणि गोव्याबद्दल त्याने पानंच्या पानं लिहिली, म्हणून तो आपल्याकडे थोडाफार माहीत आहे.) खंबायतला त्याने पक्ष्यांचं इस्पितळ पाहिलं. तिथे कुठले पक्षी ठेवले जात त्याची त्याने यादी दिली आहे. आजारी पक्षी, लंगडे पक्षी, आणि ज्यांचा जोडीदार गेला आहे असे पक्षी! पुन्हा वाचा. चारशे वर्षांपूर्वी खंबायतच्या वाण्यांच्या इस्पितळात जोडीदार जाणं हे भरती करून घेण्याचं कारण होतं. पाय मोडणं आणि सोबती जाणं एकाच रांगेत. तिथेच त्याने एक म्हातारा पाहिला, पांढरी दाढी, नाकावर चश्मा, आणि कापसात ठेवलेल्या उंदरांच्या अनाथ पिल्लांना पिसाने दूध पाजतोय. युरोपातून आलेल्या माणसाला याचं नवल वाटलं यात नवल नाही. पुढे १६८९ मध्ये आलेल्या ओविंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने खुद्द सुरतेतल्या जनावरांच्या इस्पितळाबद्दल लिहून ठेवलं आहे.

देल्ला वाल्लेने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बरा झालेला पक्षी रानातला असेल तर ते लोक त्याला सोडून देत. माणसाळलेला असेल तर सोडत नसत, एखाद्या दयाळू माणसाच्या घरी सांभाळायला देत. म्हणजे कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही हा विवेक त्यांना होता. शेजारच्या बेनना तो नाही. त्यांची दया खरी आहे, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण मिठू बारा वर्षं पिंजऱ्यात आहे. त्याचे पंख वर्षानुवर्षं कापले गेलेत, छातीचे स्नायू वाळले आहेत, फळ झाडावर असतं हे त्याला ठाऊक नाही, मांजर हे काय प्रकरण असतं हेही नाही. त्याला गच्चीवरून ‘मुक्त’ करायचं म्हणजे पुण्य आपल्या खात्यात आणि मरण त्याच्या. पक्षी विकत घेऊन सोडणारे तर आणखी थोर. त्यांच्या एका नोटेतून फासेपारध्याच्या जाळ्याला नवीन दोरी येते, एवढं साधं गणित धर्माच्या नावाखाली आपण करतच नाही.

पण माझं खरं भांडण बेनांशी नाही, डॉक्टरांशीही नाही. ते भाऊजींशी आहे, आणि भाऊजी मला वडील भावासारखे आहेत. ‘दुसरा आणतो’ हे वाक्य सगळ्यांत प्रेमळ आणि सगळ्यांत वाईट.

मी त्यांना विचारलं, कुठून आणणार? म्हणाले, मिळतात. मिळतात हे खरं. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर संपूर्ण बंदी आहे, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आपला हिरवा पोपट त्या संरक्षित यादीत आहे. तरी मिळतात. कारण हे पोपट डिसेंबर-जानेवारीत जोड्या जमवतात, झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, आणि उन्हाळा लागता लागता डोळे न उघडलेली पिल्लं ढोलीतून ओढून काढली जातात. पिशवीत, टोपलीत, मोज्यात कोंबून शहरात येतात. किती वाटेत मरतात ते विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मिठू आणि राणीही असेच आले असणार. म्हणजे मिठूचं एकटेपण घालवायला आपण आणखी एका ढोलीत एकटेपण घालणार.

भाऊजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘‘ते सगळं खरं. पण याचं काय? हा एकटा मरेल त्याचं काय?’’

हा प्रश्न टाळता येत नाही, आणि जे टाळतात त्यांचा मला राग येतो. पोपट एकटा राहू नये हे भाऊजींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आफ्रिकन ग्रे पोपटांवर २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकट्या ठेवलेल्या पोपटांच्या पेशींमध्ये, गुणसूत्रांच्या टोकांना जी संरक्षक टोपणं असतात, ती जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड झालेली आढळली. ही टोपणं वयानुसार झिजतात. म्हणजे एकटेपणाने पोपट आतून लवकर म्हातारा होतो, अशी शंका घ्यायला जागा आहे. तेव्हा सोबत हवीच. प्रश्न आहे तो सोबत म्हणजे काय हा.

नवा पक्षी म्हणजे सोबत नव्हे. पोपट ही काही फुटलेली कपबशी नाही, की तशीच दुसरी आणून ठेवली की सेट पूर्ण. दुःखात असलेल्या, पिसं उपटणाऱ्या, वजन घटलेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात अनोळखी पक्षी घालणं म्हणजे मारामारी ओढवून घेणं. या जातीची मादी तर दादागिरीत नराच्या वरचढ असते. शिवाय रोग. राणी कशाने गेली हेच माहीत नाही! संसर्गाने गेली असेल तर मिठूच्या अंगात तो असेल, नव्याला लागेल. नवा बाजारातून काही घेऊन आला तर मिठू जाईल. पोपटांपासून माणसाला होणारा एक ताप आहे, सिटाकोसिस, न्यूमोनियासारखा. घरात पक्षी मेला आणि पाठोपाठ माणसाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पोपटाबद्दल सांगायला हवं, हे किती जणांना माहीत आहे? भाऊजींनी राणीला बुटांच्या खोक्यात घालून सोसायटीतल्या बदामाखाली पुरलं. भावना समजते. पण तो देह फ्रिजमध्ये थंड ठेवून (गोठवून नव्हे) दुसऱ्या दिवशी तपासणीला नेला असता तर मागे राहिलेल्याचा जीव धोक्यात आहे की नाही ते कळलं असतं. हे लिहिताना क्रूर वाटतं. लिहिलंच पाहिजे.

आरशाबद्दल दोन शब्द. आरशातला पोपट हाकेला ओ देत नाही. बस्स. तो मी पहिल्याच संध्याकाळी काढून टाकला.

मग आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांना गाठलं. पक्षी बघणारे निघाले, आणि भला माणूस. त्यांनी कायद्याचं भाषण दिलं नाही, पण ‘आणखी आणू नका’ एवढं बजावलं. विष्ठा तपासली. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणायला लावला आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहायला सांगितलं, कारण पिसांखाली पक्षी किती वाळलाय ते डोळ्याला दिसत नाही. एक दशांश वजन घटलं की धावत या, म्हणाले. ताईच्या जुन्या वहीत राणी असतानाचा मिठूचा आकडा होता, एकशे चोवीस ग्रॅम. आता काटा दाखवत होता एकशे नऊ. म्हणजे धावत येण्याची वेळ उलटून गेली होती. त्यांनी काही दिवस हाताने पातळ खाणं भरवायला शिकवलं.

बाकीचं सगळं औषधाशिवायचं. पिंजरा पॅसेजमधून बाहेर, माणसं बसतात तिथे, पण एक बाजू भिंतीला लागून, म्हणजे पाठ सुरक्षित वाटते. तोच पिंजरा, त्याच दांड्या, राणीची जागा तशीच. एका वेळी सगळं बदलायचं नाही. रात्री दहा-बारा तास काळोख आणि शांतता. हे सगळ्यांत कठीण गेलं, कारण भाऊजींच्या मालिका अकरापर्यंत. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांऐवजी कोथिंबीर, गाजर, मोड आलेले मूग, पेरू. आणि मिरची, जी पोपटाला तिखट लागतच नाही, कारण तिखटाची आग ओळखणारी सोय पक्ष्यांच्या जिभेत तशी नसते. खाणं वाटीत आयतं द्यायचं नाही, कागदाच्या पुड्यांत बांधून, मक्याच्या पानांत लपवून द्यायचं. शोधण्यात पक्ष्याचा दिवस जातो आणि चोच स्वतःच्या छातीकडे कमी वळते.

आणि मुख्य गोष्ट. संध्याकाळी पाचला त्याने हाक मारली की ओ द्यायची. ताईने एक साधी शीळ ठरवली. ती स्वयंपाकघरात असो, न्हाणीघरात असो, मिठूची हाक आली की शीळ. आरडाओरडा केला तर नाही, ती ठरलेली हाक आली तरच. पहिले चार दिवस मी पाहिलं, त्याला ते पटलं नव्हतं. ओ ऐकून तो गप्प व्हायचा, आणि पुन्हा राणीलाच शोधायचा. पाचव्या दिवशी मी निघालो.

आता थोडं कटू. तो डॉक्टर सहज मिळाला नाही. ताई महिनाभर कुठेच गेली नव्हती ती केवळ भीतीने. पक्षी जप्त होईल, भाऊजींना पोलीस नेतील. भीती अगदीच खोटी नाही, कायद्यात तुरुंग आणि दंड दोन्ही आहेत. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांना आभाळात उडण्याचा हक्क आहे असं म्हटलं, तेही मला मान्य आहे. पण ज्याचे पंख आपण कापले त्याला तो हक्क नुसता वाचून दाखवायचा का?

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी एक योजना काढली. सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कुठून आणलं ते विचारणार नाही. लाखालाखाचे मकाव, इग्वाना बाळगणाऱ्यांची ही सोय! त्या वेळी आमच्या ताईच्या हिरव्या पोपटासाठी असा कागद निघाला असता तर? मकाववाल्याला माफी आणि मिठूवालीला भीती, हा न्याय मला समजलेला नाही. माझी मागणी साधी आहे. आज घराघरांत जे म्हातारे, उडू न शकणारे देशी पोपट आहेत त्यांची एकदाच नोंद करून घ्या, पायात कडं किंवा अंगात चिप घाला, उपचाराची मुभा द्या, ज्यांना सांभाळणं जमत नाही त्यांच्यासाठी मोठ्या जाळीघरात थव्याने ठेवायची सोय करा. आणि त्याच दिवसापासून नवीन पिल्लू घरात सापडलं तर अजिबात दया नको. म्हणणारे म्हणतील की या नोंदीआडून नवे पक्षी घुसवले जातील. जातील, थोडे जातील. पण आज काय होतंय? सगळेच आडून आहेत, आणि आजारी पडले की पॅसेजमध्ये मरतात.

गोव्यात आपण हसू नये. आमच्या वाड्यावर बल्कांवात टांगलेला कीर ही प्रतिष्ठेची वस्तू होती. शेजाऱ्यांचा कीर पोर्तुगीज शिव्या द्यायचा, आम्ही पोरं मुद्दाम जाऊन ऐकायचो. पिंजरा एवढा लहान की त्याची शेपटी गजांतून बाहेर. तो एक दिवस नव्हता. दुसऱ्या आठवड्यात दुसरा होता, आणि त्याचंही नाव तेच. आम्ही त्याला त्याच शिव्या शिकवायला बसलो. पहिला कुठे गेला हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. आज अजूनही काही घरांतून शीळ ऐकू येते, तेव्हा हे वाचून एखाद्याने आपला पिंजरा निदान मोठा केला तरी मला पुरे.

ताई आता एकसष्ट वर्षांची आहे. चांगली निगा असेल तर हा पोपट पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे मिठूची आणखी तेरा-चौदा-पंधरा वर्षं जमेस धरायची. तोवर त्याचा थवा म्हणजे ताई आणि भाऊजी. त्यांच्यानंतर कोण, हे ठरवायला हवं, असं मी निघताना म्हणालो. ताई म्हणाली, ‘‘तू नेशील?’’ मी गाडीची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटलो. एवढं सगळं तावातावाने लिहिणारा मी, आणि त्या प्रश्नाला अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

त्यानंतर वहीचा फोटो दर रविवारी येतो. मार्चमध्ये एकशे चौदा. एप्रिलअखेर एकशे एकोणीस. छातीवर राखाडी लव आली होती, काही ठिकाणी पिसं पुन्हा कधीच येणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी ‘दुसऱ्या’चं नाव काढणं सोडलं ते मेमध्ये. त्यांना आता मालिकेचा आवाज बंद करून खालच्या अक्षरांवर भागवायची सवय झाली आहे, म्हणजे ते तसं म्हणतात तरी.

पाचची हाक चालूच आहे. ताई ओ देते. परवा फोनवर बोलता बोलता मला ती ऐकू आली आणि ताई म्हणाली, ‘‘थांब जरा,’’ आणि फोन तसाच ठेवून शीळ घालायला गेली. मी थांबलो.